कलाकारांची संस्था कशासाठी काढायची? वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत आणि मेलमध्ये कलाकारांच्या संस्थांबद्दलचेच प्रश्न जास्त होते, म्हणून बाकीचे पुढच्या अंकात घेते आणि हे सगळे इथे एकत्र देते. काही प्रश्न खूप लांब होते, ते थोडे कापलेत, भाषा मात्र तुमचीच ठेवलीय.

प्रश्न : आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात वीसेक जण आहोत. ड्रॉइंग टीचर, गणपतीचे मूर्तिकार, फ्लेक्स आल्यावर धंदा बसलेले दोन बोर्ड पेंटर, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून परत आलेला एक मुलगा. संस्था काढायचीय. काही जण म्हणतात बॉम्बे आर्ट सोसायटीसारखी काढू, तरुण पोरं म्हणतात हुसेन-सूझांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपसारखी. नक्की कुणाचं बघून करावं? – एक कलाशिक्षक

सर, सगळ्यात आधी सांगते की तुमची यादी वाचूनच मला आनंद झाला, कारण मूर्तिकार आणि बोर्ड पेंटर एका बाजूला आणि 'खरे आर्टिस्ट' दुसऱ्या बाजूला अशी जी फाळणी आपल्याकडे सर्रास होते ती तुम्ही केलेली नाही. ती पुढेही होऊ देऊ नका.

आता दोन्ही नावांबद्दल. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालची. सुरुवातीला तिथे मुख्यतः युरोपियन मंडळी, अधिकारी, हौशी चित्रकार असे लोक होते आणि काम काय तर वर्षाला एक प्रदर्शन भरवायचं आणि बक्षिसं द्यायची. वाचायला हे फार मोठं वाटत नाही. पण विचार करा, त्या काळात मुंबईत चित्र टांगायला जागाच कुठे होती, आणि कोल्हापूरहून आलेल्या एखाद्या पोराचं काम चार जाणकारांच्या नजरेला पडणार कसं? १८९५ ला एम. व्ही. धुरंधरांना सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, गणपतराव म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी' ही मूर्ती ते विद्यार्थिदशेत असतानाच याच प्रदर्शनामुळे लोकांना माहीत झाली. म्हणजे साहेबांनी साहेबांसाठी सुरू केलेल्या प्रदर्शनात हळूहळू आपली माणसं शिरली, आणि पुढे तर संस्थाच आपल्या लोकांची झाली. आज सोसायटीची स्वतःची इमारत वांद्रे रेक्लमेशनला आहे आणि वार्षिक प्रदर्शनाची परंपराही टिकून आहे.

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ चा. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार बाकरे असे सहा जण. कारण काय घडलं तर आरांनी स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर काढलेलं मोठं चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीच्या निवडीत नाकारलं गेलं, त्याची चीड आली, आणि त्या आधीपासूनच अकॅडमिक पद्धतीच्या, म्हणजे आर्ट स्कूलमध्ये शिकवल्या जाणाऱ्या हुबेहूब चित्रांना कंटाळलेली ही पोरं एकत्र आली. आरा एकेकाळी घरकाम आणि गाड्या धुण्याचं काम करून चित्रं काढायचे, हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे (तुमच्या त्या दोन बोर्ड पेंटरांना हे जरूर सांगा). सूझा तर छोडो भारत चळवळीपायी जेजेतून बाहेर पडावं लागलेला माणूस.

पण एक गोष्ट लोक सांगायची विसरतात आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९४९ मध्ये ग्रुपचं मुंबईतलं पहिलं प्रदर्शन भरलं, मुल्कराज आनंद यांनी उद्घाटन केलं, ते भरलं कुठे? रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच सलॉनमध्ये! ज्यांनी चित्र नाकारलं त्यांच्याच भिंतीवर. बंड करायचं तरी भिंत लागतेच, आणि भिंत कुणीतरी वर्षानुवर्षं भाडं भरून, झाडून-पुसून, दिव्यांची बिलं भरून सांभाळलेली असते. शिवाय या मुलांच्या पाठीशी वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन, इमॅन्युएल श्लेसिंगर हे युरोपातून मुंबईत येऊन राहिलेले तिघं होते, एक टाइम्समध्ये आर्ट डायरेक्टर, एक समीक्षक, एक चित्रं विकत घेणारा. त्यांनी घरी बोलावलं, पुस्तकं दाखवली, चित्रं घेतली. तुमच्या तालुक्यात असे तिघं असतील तर उद्याच ग्रुप काढा.

ग्रुप म्हणून त्यांचं आयुष्य छोटंच. सूझा १९४९ ला लंडनला गेला, रझा १९५० ला फ्रान्सला, बाकरेही लंडनला. नंतर गायतोंडे, कृष्ण खन्ना, मोहन सामंत वगैरे आले, पण १९५६ च्या सुमारास ग्रुप संपलाच. चित्रं राहिली, आणि ती अप्रतिम आहेत, त्यात वादच नाही. पण मुंबईतच राहिलेले आरा काळा घोड्याजवळच्या आर्टिस्ट्स सेंटरसाठी झटत राहिले, तिथेच राहायचे, नवीन मुलांना जागा मिळावी म्हणून धडपडायचे. त्यांच्या चित्रांइतकंच मला हे काम मोठं वाटतं, आणि कुणी त्याबद्दल फारसं बोलत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

म्हणून माझं मत विचाराल तर या दोन्हींपेक्षा तुम्ही कोल्हापूरला जाऊन 'रंगबहार' या तिथल्या कलाकारांच्या संस्थेचा कार्यक्रम बघून या. टाउन हॉलच्या बागेत ते 'मैफल रंगसुरांची' भरवतात, झाडाखाली कुणी पोर्ट्रेट करतोय, कुणी मातीत शिल्प करतोय, कुणी रांगोळी घालतोय, शेजारी गाणं चालू, आणि गावातले लोक मुलाबाळांना घेऊन मागे उभं राहून बघतायत. चित्र कसं होतं हे माणूस तिथे डोळ्यांनी बघतो, समोर बसलेल्याचं नाक आधी येतं की डोळे, चुकलेला रंग कसा झाकतात, हे सगळं. तुमच्याकडे हॉल नसेल पण शाळेचं पटांगण तर आहे! मूर्तिकारांना सांगा शाडूचा गोळा घेऊन बसा, बोर्ड पेंटरला सांगा एक अक्षर काढून दाखवा, एका दमात ब्रश न उचलता काढलेला तो देवनागरी 'क्ष' बघायला लोक गर्दी करतील याची मला खात्री आहे.

प्रश्न : चेन्नईजवळ चोळमंडल नावाचं कलाकारांचं गाव आहे असं ऐकलं. कलाकारांनी बाटिकचे कपडे विकून जमीन घेतली आणि घरं बांधली हे खरं की दंतकथा? – नाशिकहून एक वाचक

खरं आहे, आणि इतकं खरं आहे की दर वेळी सांगताना मला उत्साह येतो, त्यामुळे उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

चेन्नईहून महाबलीपुरमकडे ईस्ट कोस्ट रोडने निघालं की इंजंबाक्कम लागतं, तिथे समुद्राच्या बाजूला हे गाव. १९६६ ला उभं राहिलं. त्यामागचा माणूस के. सी. एस. पणिक्कर, मद्रासच्या सरकारी आर्ट स्कूलचे प्राचार्य, स्वतः मोठे चित्रकार. त्यांनी १९४४ मध्येच प्रोग्रेसिव्ह पेंटर्स असोसिएशन काढलेली, म्हणजे मुंबईच्या ग्रुपच्या तीन वर्षं आधी. पण पणिक्करांना खरा त्रास होत होता तो वेगळाच. दर वर्षी आर्ट स्कूलमधून गुणी पोरं पास होऊन बाहेर पडायची, आणि मग काय? मद्रासमध्ये चित्रं विकत घेणारे जवळजवळ नव्हतेच, गॅलऱ्या नव्हत्या, मग कुणी कापडाची डिझाइनं करायच्या नोकरीला लागायचा, कुणी जाहिरातीत, आणि दोन-चार वर्षांत स्वतःचं काम बंद. आपल्याकडच्या किती ड्रॉइंग टीचरांची हीच कहाणी आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी असा मार्ग काढला की पोटासाठी हस्तकला करायची आणि उरलेला वेळ पूर्ण स्वतःच्या चित्रांना द्यायचा. हस्तकलेसाठी वेगळी संघटना काढली आणि सगळ्यात जास्त चाललं ते बाटिक. बाटिक कधी केलं नसेल तर सांगते. मेण वितळवून गरम असतानाच ब्रशने कापडावर रेघ मारायची, जिथे मेण बसलं तिथे रंग चढत नाही. मग कापड थंड रंगात बुडवायचं, थंडच हवा, नाहीतर मेण विरघळून सगळं चित्र वाहून जाईल. एक रंग झाला, वाळवलं, परत मेण, परत दुसरा रंग, फिक्याकडून गडदकडे. वाळलेल्या मेणाला कापड हाताळताना बारीक भेगा पडतात आणि त्यातून रंग आत झिरपून कोळ्याच्या जाळ्यासारख्या नसा उमटतात, त्या नसा हेच बाटिकचं सौंदर्य. शेवटी गरम पाण्याने मेण काढून टाकायचं. यात खोडरबर चालत नाही, मेणाची रेघ पडली ती पडली, त्यामुळे ज्याचा हात ड्रॉइंगला पक्का तोच ते चांगलं करणार. आणि हे सगळे तर ड्रॉइंगमध्ये मुरलेले लोक! बाजारातल्या ठशांच्या कापडापुढे यांचं काम साहजिकच उठून दिसलं आणि विकलं गेलं.

त्या कमाईतून एकत्र जमीन घेतली, साधारण आठ-दहा एकर. तेव्हा तिथे नुसती वाळू होती, शहर लांब, वीज नाही, सुरुवातीला झापांच्या झोपड्या. तीसच्या वर कलाकार. हळूहळू आपापले प्लॉट, घरं, स्टुडिओ झाले, सगळ्यांसाठी वर्कशॉप झालं, गॅलरी झाली, उघड्यावरचं नाट्यगृह झालं जिथे कवितावाचन, नाच, नाटकं व्हायची. जे. सुलतान अली (हे मूळचे मुंबईत जन्मलेले बरं का), शिल्पकार पी. व्ही. जानकीराम, पणिक्करांचा मुलगा नंदगोपाल, सेनाधिपती, एस. जी. वासुदेव अशी माणसं तिथे राहून काम करत होती. जानकीराम तांब्या-पितळेच्या पत्र्यातून शिल्पं करायचे, समोरून बघण्याची, मंदिरातल्या मूर्तीसारखी. गंमत बघा, पत्रा ठोकणं, जोडणं हे हस्तकलेचंच कसब, म्हणजे पोटासाठी केलेलं काम चित्र-शिल्पात परत आलं. कलाकाराने 'कमर्शियल' काम केलं की तो वाया जातो असं जे सारखं ऐकवलं जातं ते इथे सरळसरळ खोटं ठरतं.

सगळं गोडगोडच झालं असं नाही म्हणणार. काही जण परदेशी गेले, वासुदेव पुढे बंगळूरला गेले, बाटिकचा जोर ओसरला, आणि ज्या वाळूला कुणी विचारत नव्हतं तिच्याशेजारून मोठा रस्ता गेल्यावर जागेचे भाव काय झाले असतील ते सांगायला नको. पणिक्कर १९७७ ला गेले. पण गाव राहिलं. २००९ ला तिथे मद्रास चळवळीच्या, म्हणजे पणिक्कर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पिढीच्या चित्र-शिल्पांचं म्युझियम उघडलं, झाडाखाली शिल्पं मांडलेली आहेत, कुणीही जाऊन बघू शकतं. चेन्नईला गेलात तर महाबलीपुरमच्या वाटेवर दोन तास काढाच.

मला यात सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते जमिनीपेक्षा आधीचं, म्हणजे त्यांनी प्रश्न कसा मांडला. 'कलेचा प्रसार' वगैरे मोघम उद्देश न ठेवता त्यांनी विचारलं की आपल्या पोरांना चित्र काढायला रोज काही तास कसे मिळतील. संस्थेचं सगळं काम त्या तासांसाठी होतं. आपल्या संस्थांच्या घटनेत उद्देशांची बारा कलमं असतात आणि त्यात हे एक नसतं.

प्रश्न : या सगळ्या संस्था पुरुषांच्याच का? बायका कुठे होत्या? – नागपूरहून

होत्या, पण फार कमी, आणि जागा भांडून मिळवावी लागली. अमृता शेरगिलच्या 'तीन मुली' या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक १९३७ मध्ये मिळालं. प्रोग्रेसिव्ह ग्रुपबरोबर चित्रं मांडणारी एकमेव बाई म्हणजे कोल्हापूरची भानू राजोपाध्ये, तीच पुढे भानू अथैया, 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर आणणारी. चोळमंडलमध्ये अर्नवाझ होती, तिची बाटिकं आणि धातूतलं काम बघण्यासारखं आहे. नव्या संस्था काढणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की मीटिंग रात्री नऊला कुणाच्या तरी दुकानात ठेवलीत तर बायका येणार नाहीत आणि मग 'आम्ही तर सगळ्यांना बोलावलं होतं' म्हणू नका. रविवारी सकाळी शाळेत ठेवा, मुलांना घेऊन या म्हणा, बघा किती जणी येतात. प्रत्येक गावात रांगोळी, गोधडी, भरतकाम करणाऱ्या इतक्या तयार हाताच्या बायका असतात आणि त्यांना कलाकार म्हणून कुणी पत्रिकासुद्धा पाठवत नाही.

प्रश्न : प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधले एक चित्रकार आमच्या अमरावती जिल्ह्यातले होते असं सर म्हणाले. कोण? – अकरावीतला विद्यार्थी

हरी अंबादास गाडे. जन्म १९१७, तळेगाव दशासर. विज्ञान शिकलेला माणूस, चित्रकलेकडे वळला, आणि त्यांची लँडस्केप्स बघशील तर घरं, डोंगर सगळे रंगांच्या ठोकळ्यांनी रचलेत असं वाटतं. हुसेन-रझांच्या गर्दीत त्यांचं नाव मागे पडलं, ते पडायला नको होतं. तुझ्या सरांना सांग, शाळेत एक भिंत त्यांच्या नावाची करा, प्रिंट लावा. आणि सदानंद बाकरे लंडनहून परतल्यावर कोकणात हर्णे-मुरुडला राहिले, तिथेच २००७ मध्ये गेले, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातली पोरं हे वाचत असतील तर त्यांनीही लक्षात घ्या.

प्रश्न : आमच्या शहरात चित्रकारांची जुनी संस्था होती. अध्यक्ष वारले, मग दोन गट पडले, आता बँकेतले पैसेही काढता येत नाहीत. नवीन काढताना हे कसं टाळायचं? रजिस्ट्रेशन लागतंच का? – एक निवृत्त शिक्षिका, मराठवाडा

बाई, तुमचं पत्र वाचून जीव हळहळला, कारण अशी पत्रं मला वरचेवर येतात. अध्यक्ष, शहर बदला, गोष्ट तीच.

नुसतं एकत्र जमून स्केचिंगला जायचं असेल तर रजिस्ट्रेशनची काहीच गरज नाही, वर्षानुवर्षं असेच ग्रुप चालतात आणि छान चालतात. पण संस्थेच्या नावाने देणगी घ्यायची, हॉल बुक करायचा, बँकेत खातं उघडायचं, अनुदान मागायचं म्हटलं की लागतंच. महाराष्ट्रात हे धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात होतं. १८६० चा संस्था नोंदणी कायदा, त्यात कमीत कमी सात सभासद लागतात, आणि त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्ट म्हणून नोंद. ज्ञापन (म्हणजे संस्थेचं नाव आणि उद्देश लिहिलेला कागद), नियमावली, जागामालकाचं संमतीपत्र, सगळ्यांचे ओळखपत्राचे पुरावे. नियमावली कुणाची तरी जुनी आणून नाव बदलून देऊ नका, प्लीज! बसून वाचा. त्यात मुख्यतः बघायचं म्हणजे निवडणूक किती वर्षांनी, एकच माणूस सलग किती वेळा पदावर राहू शकतो, सभासद करून घ्यायला कुणाची परवानगी लागते आणि अध्यक्ष नसताना सही कोण करणार.

आणि आता ती गोष्ट जिच्यामुळे बहुतेक संस्था अडकतात, तो म्हणजे चेंज रिपोर्ट. कार्यकारिणी बदलली, कुणी वारलं, राजीनामा दिला, पत्ता बदलला तरी नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय ऑफिसात तसा बदल अर्ज द्यावा लागतो. लोक निवडणूक घेतात, हार घालतात, फोटो पेपरात छापून येतो आणि हा अर्ज राहून जातो. मग ऑफिसच्या रेकॉर्डवर वीस वर्षांपूर्वीचेच विश्वस्त, त्यातले निम्मे हयात नाहीत, बँक म्हणते रेकॉर्डवरच्या लोकांच्या सह्या आणा. तुमच्या जुन्या संस्थेचंही मला असंच काहीतरी झालेलं दिसतंय. ती पूर्ण सोडून देण्याआधी ट्रस्टची कामं करणाऱ्या एखाद्या वकिलाला कागद दाखवा, उशिराने का होईना अर्ज करता येतो, विलंबाचं कारण द्यावं लागतं. त्या संस्थेकडे जुनी चित्रं असतील तर त्यांची यादी फोटोसकट आजच करून ठेवा, चित्रकाराचं नाव, माप, माध्यम, कुणी दिलं. पैसे बँकेत सुरक्षित पडून राहतील, पण कपाटातली वॉटरकलर दोन पावसाळ्यांत बुरशीने जातात.

नवीन संस्थेत खजिनदार चित्रकारच पाहिजे असं अजिबात नाही, उलट एखादा हिशेबाला चोख असलेला, चित्रं आवडणारा बँकवाला मिळाला तर सोन्याहून पिवळं. दरवर्षी ऑडिट करा आणि जमा-खर्चाचं पान प्रदर्शनाच्या दारातच लावा, हॉलभाडं किती, फ्रेमिंगला किती, चहाला किती, सगळं. दोन गट पडतात ते बहुतेक वेळा कलेवरून नाही, हिशेब न दिसल्यामुळे पडतात. शाल-श्रीफळ, मोमेंटो, स्टेजचं डेकोरेशन यावर जाणारा पैसा पहिली तीन वर्षं पूर्ण बंद ठेवा, तेवढ्यात एखादी खोली भाड्याने मिळेल, तिला एक कुलूप, दोन किल्ल्या, चार चांगले दिवे, टांगायला रेलिंग आणि नॉर्थ लाइट, म्हणजे उत्तरेकडून दिवसभर सारखा येणारा उजेड, मिळेल अशी एक खिडकी असली तरी पुरे. एक किल्ली तरुण सभासदाकडे द्या, ज्याला घरी जागा नाही त्याला रात्री तिथे बसून काम करता आलं पाहिजे.